समोरची खोली

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत, कारण कुणी विचारतच नव्हतं. आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, एक गोष्ट सांगितली जाते. आक्काला म्हणे आपलं मरण फार आधी कळलं होतं. म्हणून तिनं अंगावरचं सोनं जिवंतपणीच वाटून टाकलं आणि कसलीही तक्रार न करता वाट बघत बसली. तिच्या वर्षश्राद्धाला लातूरला कीर्तन ठेवलं होतं. महाराजांनी ही गोष्ट अशी रंगवून सांगितली की मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पुढच्याच रांगेत होतो. मीही मान डोलावली.

आक्काला काहीही कळलं नव्हतं. कळण्यासारखं काही नव्हतंच. मी एक खोटं बोललो होतो, समुद्रासमोरची खोली स्वस्तात मिळावी म्हणून, आणि ते खोटं तिला जाऊन चिकटलं. आता नातवंडंही ही गोष्ट पुढं सांगायला लागली आहेत. म्हणून लिहून ठेवतो.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. निलंग्याकडच्या एका खेड्यात दिली होती. दाजी गेल्यावर जमीन बटईनं लावून ती लातूरला मुलाकडं राहायला आली. मी नांदेडचा. एका सरकारी कचेरीत जन्म काढला आणि तिथूनच निवृत्त झालो. सकाळच्या एसटीनं निघालं की जेवायला आक्काकडं, एवढंच आमचं अंतर.

एका पावसाळ्यात तिच्या मानेवर गाठ आली. लातूरला दवाखान्यांना काही तोटा नाही. एका ठिकाणी गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि निकाल घ्यायला मी, भाचा आणि आक्का असे तिघं गेलो. डॉक्टरांनी मला आणि भाच्याला आत बोलावलं. आक्का बाहेर बाकड्यावर बसून राहिली. आमच्याकडं असंच असतं. दुखणं ज्याचं त्याला आधी सांगत नाहीत. घरचे पुरुष आत जातात, ऐकून घेतात, आणि बाहेर येऊन काय सांगायचं ते दारातच ठरवतात. त्या दिवशी ठरवायला काही नव्हतं. चरबीची साधी गाठ आहे, विसरून जा, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन मी आक्काला तेच सांगितलं. तिनं दवाखान्यासमोरच्या टपरीवर एकामागून एक दोन कप चहा घेतला आणि म्हणाली,

"भाऊ, आता मला समुद्र दाखव."

"समुद्र? हे काय मधूनच?"

"मधूनच न्हाई. बाकड्यावर बसले तवा मनात आलं. टीव्हीत लई येळा बघितलाय. पर टीव्हीत काय, काय बी दाखवतेत. खरंच तेवढा आसतो का, बघायचंय."

खरं म्हणजे मीही तो धड पाहिला नव्हता. नोकरीत असताना एकदा कचेरीच्या कामानं मुंबईला गेलो होतो, तेव्हा टॅक्सीच्या काचेतून एका बाजूला दिसला होता. शेजारी साहेब बसले होते, त्यामुळं तिकडं मान वळवून बघता आलं नाही.

नांदेडला परत आलो आणि शोधाला लागलो. पुण्याला असलेला मुलगा म्हणाला, "बाबा, मी ॲपवर करून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे." मी नको म्हटलं. निवृत्त माणसाला दोन मिनिटांत संपणारं काम कशाला हवं? मला खरोखरच उत्सुकता होती. कोकणात लोक आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, पण त्या कशा असतात, त्यांचा दर कोण ठरवतं, आणि आमच्यासारख्या पेन्शनवाल्याला समुद्र परवडतो का, हे सगळं मला बघायचं होतं.

पहिला शोध हा लागला की 'समुद्रासमोर' या शब्दाला काही अर्थ नाही. एकाच्या घरासमोर समुद्र होता, पण मध्ये त्याच्या चुलत्याची नारळाची वाडी होती आणि चुलत्याशी बोलणं नव्हतं. दुसऱ्याच्या फोटोत निळंशार पाणी होतं. बरंच खोदून विचारल्यावर कळलं की तो फोटो गच्चीवरच्या टाकीवर चढून काढलेला आहे. तिसऱ्याला मी म्हटलं, व्हिडिओवर दाखवा. "थांबा हां, आत्ता दाखवतो," म्हणून तो फोन हातात घेऊन चालायला लागला. वाडी गेली, रस्ता आला, देऊळ आलं, शाळा आली. वाटेत त्यानं कुणालातरी "काय, बाजारात काय?" असं विचारून घेतलं. समुद्र यायच्या आत त्याच्या फोनची रेंज गेली.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारायला लागलो. ओट्यावर बसलं की पाणी दिसतं का? या प्रश्नानं निम्मी माणसं गळाली. उरलेल्यांकडून मी बाकीचं शिकलो. शनिवार-रविवार धरायचा नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की दर खाली येतात. एसी नको म्हटलं की आणखी उतरतात. जेवण त्यांच्याकडंच घेतो म्हटलं की घरातली बाई फोनवर येते, आणि खरा व्यवहार तिच्याशीच होतो. दुपारभर हे चालायचं. बायको म्हणाली, "अहो, पोरीसाठी स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही."

"त्याच्यात फसलो म्हणूनच करायलोय," मी म्हटलं. जावई चांगला आहे, हे तिलाही माहीत आहे.

शेवटी गुहागरच्या अलीकडं एका गावात एक घर सापडलं. नवरा-बायको दोघंच राहणारी. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. एक मागं विहिरीच्या बाजूला, एक समोर पडवीला लागून. व्हिडिओवर दाखवा म्हटल्यावर त्या बाईनं फोन पडवीच्या कठड्यावर कशाला तरी टेकवून ठेवला, "दूध उतू जातंय, आल्ये हां," म्हणून आत गेली, आणि विसरली. मी नांदेडला खुर्चीत बसून समुद्र बघत राहिलो. कुणी काही बोलत नव्हतं. लाटा येत होत्या. मधूनच एक मांजर आडवं गेलं. बायकोनं आतून विचारलं, "एवढा वेळ कुणाचा फोन आहे हो?"

"समुद्राचा," मी म्हटलं. ती हात पुसत आली आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. आम्ही दोघं बघत राहिलो.

खोली ठरली होतीच म्हणा. राहिला होता तो दर. समोरच्या खोलीचा दर मागच्या खोलीपेक्षा जास्त होता. फार नव्हे. मी, बायको आणि आक्का असे तिघं एखाद्या बऱ्या हॉटेलात जेवलो असतो तर तेवढे गेलेच असते. दुसऱ्या दिवशी बायको देवळात गेली होती, तेव्हा मी परत फोन लावला.

"समोरच्या खोलीचं जरा बघा की, बाई."

"अहो, समोरची एकच आहे ना. ती ह्याच दरानं जाते. मागची घ्या, तीही छान आहे. समुद्राचा आवाज येतो रात्रभर."

"आवाज घेऊन काय करू? आवाज रेडिओवर पण येतो."

ती हसली, पण दर सोडेना. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला खरं सांगू का? माझी थोरली बहीण आहे सोबत. तिचं आता फार दिवसांचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. समुद्र बघायचा, एवढी एकच इच्छा राहिली आहे तिची."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुम्ही या," ती म्हणाली. "समोरचीच देत्ये. मागच्या खोलीचे पैसे द्या, नाहीतर तेही नका देऊ. पण या तुम्ही."

आता खोटं उघडं पडू नये याची सोय करायला हवी होती. मी म्हटलं, "फक्त एक करा. तिला काही माहीत नाही. तिच्यासमोर विषय काढू नका."

"छे हो! मला काय कळत नाही? आमच्या सासूबाईंच्या वेळी आम्हीही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं."

फोन ठेवला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, मला बरं वाटलं. काम झालं होतं. मी नंतर पुष्कळदा विचार केला की हे वाक्य इतकं तयार कुठून आलं. माझ्या टेबलासमोर सगळी नोकरी लोक कारणं घेऊन उभे राहायचे. लग्नाचं कारण चालत नसे, शेतीचं चालत नसे, पण घरात कुणी आजारी आहे म्हटलं की माझा हात आपोआप फाईलकडं जायचा. कोणतं कारण मोडत नाही, हे मला पाठ होतं. फक्त तोवर मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसत होतो.

आम्ही लातूरहून गाडी केली, सोलापूरवरून कराडला मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरून दुपारी त्या घरी पोचलो. आक्का गाडीतून उतरली ती कुणाशी न बोलता सरळ पडवीत गेली आणि खांबाला हात लावून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे समदं एकच हाय का रे?"

"एकच."

"विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले तवा तू मला न्हेलं व्हतंस. तवा वाटलं, लई पाणी बघितलं." वर म्हणाली, "आन ह्यातलं चूळ भरायच्या बी कामाचं न्हाई. आमच्या लातूरकरांची थट्टाच हाय की ही."

चार दिवस राहिलो. आक्का उजाडल्यापासून पडवीत. तिच्या प्रश्नांना अंत नव्हता. दारात एवढं खारं पाणी असताना मीठ दुकानातून का आणता? ह्या वाऱ्यात पापड वाळतात कधी? आवाज ऐकून कंटाळा येत नाही का? माहेरी गेलं की झोप लागते का? घरची बाई हातातलं काम टाकून शेजारी बसायची आणि एकेका प्रश्नाला नीट उत्तर द्यायची. माहेरी पहिले दोन दिवस झोप लागत नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा आक्का खूश झाली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली.

पण त्या बाईची माया जरा जास्तच होती. तिनं खाट खिडकीपाशी सरकवून ठेवली होती, झोपूनही पाणी दिसावं म्हणून. आम्हाला घावणे आणि चटणी, आक्काला मऊ पेज. आंघोळीचं पाणी आक्काला उचलू देत नसे.

"आगं बाई, लातुरात नळ आला की दुसऱ्या मजल्यावर घागरी मीच चढवते," आक्का म्हणाली. "आन ही पेज कशाला? मी काय बाळंतीण हाय? ठेचा न्हाई का घरात?"

बाईनं ठेचा आणला. वाढायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं. चालेल का, असं डोळ्यांनीच विचारलं. मी, खोटं सांभाळायचं म्हणून, मान हलवली आणि म्हणालो, "थोडाच द्या."

आक्कानं ते बघितलं. मग भाकरी मोडून खाऊ लागली.

निघायच्या दिवशी बाई अंगणात आली. माझ्या बायकोला म्हणाली, "या हां पुढच्या वर्षी." मला म्हणाली, "या हां." गाडीवाल्यालाही म्हणाली, "गिऱ्हाईक घेऊन या हो." मग आक्का तिच्यासमोर उभी राहिली. "येते बाई," आक्का म्हणाली. आपल्याकडं 'येते' म्हटलं की समोरचा 'या' म्हणतो. त्याला विचार करावा लागत नाही. बाईनं आक्काचे दोन्ही हात धरले, तोंड उघडलं, आणि तिला तो शब्द म्हणता येईना. ती वाकून आक्काच्या पाया पडली, डोळे पुसले आणि आत निघून गेली.

घाट चढून वर आल्यावर आम्ही चहाला थांबलो. बायको तोंड धुवायला गेली, गाडीवाला टायर बघत होता. टेबलाशी आक्का आणि मी दोघंच होतो.

"भाऊ, ती बाई मला 'या' म्हणाली न्हाई."

"म्हणाली असंल. तुझं ध्यान नसंल."

"तुला म्हणाली, हिला म्हणाली. डायवरला सुदीक म्हणाली. माझ्यापुढं आली आन गिळून टाकलं."

मी चहा फुंकत राहिलो.

"माझ्या गाठीत काय निघालं व्हतं?"

"काही नाही, आक्का. साधी गाठ होती. चरबीची."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. रागानं नाही. एखादी वस्तू आपण आधी कुठं बघितली आहे ते आठवावं तसं.

"तुझ्या दाजींना बी तू असंच सांगितलं व्हतंस," ती म्हणाली. "ह्याच तोंडानं."

ते खरं होतं. दाजींच्या पोटात काय आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, एक त्यांना सोडून. कावीळ आहे, उतरेल, असं त्यांच्या उशाशी बसून मी सांगितलं होतं, आणि आक्का माझ्या शेजारी बसून मान हलवत होती. आम्ही दोघांनी मिळून तो माणूस असा शेवटापर्यंत नेला. खोटं सांगताना माझा चेहरा कसा होतो, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. फक्त या वेळी तो चेहरा खरं सांगत होता. किंवा अर्धं खरं सांगत होता, आणि उरलेलं अर्धं लपवताना तसाच झाला होता.

"तसं नाही, आक्का."

"ऱ्हाऊ दे. मी काय इचारत न्हाई. तुमी जिवाला लावून घेऊ नका." आणि तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. ती माझी समजूत काढत होती.

तिथं एक वाक्य पुरलं असतं. खोलीचा दर उतरावा म्हणून मीच त्या बाईला तसं सांगितलं होतं, एवढंच. ती मला शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण बायको ओल्या तोंडानं परत येताना दिसली, आणि मला वाटलं, एवढ्याशा पैशासाठी बहिणीला मरायला टेकवलं, हे दोघींसमोर कसं सांगायचं? घरी गेल्यावर आक्का विसरेल. बायकोलाही मी आजवर सांगितलेलं नाही. तिला हे वाचूनच कळेल.

आक्का विसरली नाही. मी खरं सोडून बाकी सगळे उपाय केले. तिला परत त्याच डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिच्यासमोर सांगितलं, आजी, तुम्ही ठणठणीत आहात. जिना उतरताना ती म्हणाली, "डॉक्टर चांगला हाय. दाजींचा डॉक्टर बी असाच हसायचा." भाच्याला बोलायला लावलं, सुनेला लावलं. त्यांना खरंच वाटत होतं की आक्काला उगाच भ्रम झालाय, आणि ते तळमळीनं नाही नाही म्हणत होते. पण दुखणं लपवायचं असलं की आमच्याकडं माणसं हेच म्हणतात, आणि अशाच तळमळीनं म्हणतात. आम्ही जितकं नाकारलं तितकी तिची खात्री पटत गेली.

त्या संक्रांतीला तिनं पाटल्या आणि बोरमाळ नातींना वाटून टाकली. मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, दिवस जातील तसं तिलाच कळेल. वर्ष गेलं. मी म्हटलं, "बघ, काही झालं का तुला?"

"गोळ्या देताव न्हवं तुमी," ती शांतपणे म्हणाली. "बीपीच्या म्हणून."

त्या गोळ्या बीपीच्याच होत्या. ती एकही चुकवत नसे.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन साधं, लातूरला गल्लोगल्ली होतं. ती नको म्हणाली. आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. मी खास नांदेडहून गेलो समजवायला.

"चार दिसाच्या पाहुणीनं घराला रंग द्यायचा का रे?" ती म्हणाली. "पैसा पोरांना ऱ्हाऊ दे."

तिला पोथी दिसेनाशी झाली. मग तांदळातले खडे, मग माणसं. खिडकीपाशी खुर्ची टाकून ती रस्त्याकडं तोंड करून बसायची, आणि रस्त्यावर काय चाललंय ते नातीला विचारायची. ती किती चौकस बाई होती हे मला माहीत होतं. प्रत्येक वेळी लातूरहून परतताना मी ठरवायचो की पुढच्या वेळी सांगायचंच.

त्या कोकणातल्या बाईचा फोनही यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं घाबरत घाबरत विचारलं, "आक्का...?"

"आहे. बरी आहे."

"अगंबाई! मी ग्रामदेवीला नारळ बोलल्ये होत्ये हो त्यांच्यासाठी. आजच फोडत्ये."

पुढच्या वर्षी परत आला. मी उचलला नाही. नंतर तो नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायचो.

यात एक अडचण होती, ती मला आधी कळली नाही. ते चार दिवस आक्काचे फार सुखाचे गेले होते. ती नातवंडांना समुद्र सांगायची, आणि समुद्रापेक्षा त्या बाईला जास्त सांगायची. ओळख ना पाळख, पण माझ्यासाठी रडली बघा, म्हणायची. आपल्यासाठी कुणी परकं रडलं, याचं तिला फार अप्रूप होतं. मी खरं सांगितलं असतं तर तिचं मरण खोटं ठरलं असतं, आणि त्याबरोबर त्या बाईचं रडणंही. असं मी स्वतःला सांगायचो. पण आज विचार केला तर वाटतं, बाईचं रडणं खरंच होतं. खोटा होतो तो मी. आक्काला हे समजलं असतं. तिला अशा गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या समजायच्या.

शेवटचा गेलो तेव्हा उन्हाळा होता. लातूरपर्यंत मी एसटीत खिडकीपाशी बसून एकेक शब्द जुळवत गेलो. घरात आक्का एकटीच होती. सून खाली पाण्याच्या टँकरपाशी गेली होती. मी खाटेशेजारी खुर्ची ओढली.

"भाऊ का? बस. ऊन लई हाय, आधी पाणी पी."

मी पाणी प्यालो. "आक्का, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"आपण समुद्रावर गेलो होतो ना, त्या वेळचं आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलता येईना. "त्या बाईचा फोन आला का? कशी हाय ती? माझं नाव काढती का?"

"काढते," मी म्हटलं. ते खरं होतं. "तुझी आठवण काढते."

"तिला सांग, हाय म्हणावं आजून," आक्का म्हणाली आणि हसली. तेवढ्यात सून घागर घेऊन वर आली, आणि आक्कानं तिला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं नांदेडला आलो.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ती गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. वयच होतं. गाठीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. घरातलं कुणी म्हणालं, बघा, तिला माहीतच होतं. तिथून ती गोष्ट सुरू झाली.

त्या दिवशी एसटीत जे जुळवलं होतं ते असं होतं. आक्का, तुला काही झालेलं नव्हतं. गाठ साधीच होती. तू थोड्या दिवसांची सोबतीण आहेस असं त्या बाईला मीच सांगितलं होतं, खोलीचे पैसे कमी व्हावेत म्हणून, आणि नंतर मला लाज वाटली म्हणून मी तुला खरं सांगितलं नाही. तुला जे वाटत होतं ते माझ्यामुळं वाटत होतं. तू वाट बघू नकोस. ऊठ, चप्पल घाल, आपण आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. मला माफ कर.